मागची वही

माझ्याकडे दोन वह्या आहेत. एक दोनशे पानी, जाड पुठ्ठ्याची. दुसरी शंभर पानी, मुलीच्या शाळेच्या खरेदीतून उरलेली. जाड वहीवर मी ‘पुढची’ असं लिहिलंय आणि पातळ वहीवर ‘मागची’. पुढच्या वहीत अकरावी-बारावीचं गणित आहे. मागच्या वहीतली पहिली नोंद अशी: ‘अपूर्णांकांची वजाबाकी, छेद वेगळे असताना. पाचवी-सहावी.’ ही नोंद केली तेव्हा मी ३४ वर्षांची होते आणि एका पतसंस्थेच्या हिशेब विभागात ११ वर्षं काम करत होते.

हे पुस्तक त्या पातळ वहीतून आलंय, म्हणून आधी तिच्याबद्दल सांगते.

दहावीला गणितात मी काठावर पास झाले. भूमितीने हात दिला म्हणून तरले. अकरावीला कॉमर्स घेतलं तेव्हा कॉलेजच्या खिडकीवर एकच प्रश्न विचारत होते, ‘मॅथ्स की एसपी?’ एसपी म्हणजे सेक्रेटरियल प्रॅक्टिस, मराठी पुस्तकावर जिचं नाव ‘चिटणिसाची कार्यपद्धती’ असतं. रांगेत माझ्या पुढच्या चारही मुलींनी एसपी सांगितलं, मीही सांगितलं. गणिताशी माझा संबंध तिथे संपला, तो पुढची १८ वर्षं.

पुन्हा जुळला तो अर्थशास्त्रामुळे. बाहेरून एम. ए. करायचं ठरवलं, पुस्तकं आणली, आणि सुरुवातीच्याच एका प्रकरणात सीमांत खर्च ‘डेरिव्हेटिव्ह’च्या रूपात समोर उभा राहिला. सीमांत खर्च म्हणजे काय ते मला कळत होतं. शंभर नग बनवणाऱ्याला एकशे एकावा नग बनवायला आणखी किती पैसे लागतील, एवढाच तो प्रश्न. कर्जदारांचे ताळेबंद बघून बघून असले प्रश्न माझ्या सवयीचे झाले होते. पण पानावरची ती खूण मला वाचताच येईना. मग बालभारतीच्या संकेतस्थळावरून अकरावीचं गणिताचं पुस्तक उतरवून घेतलं. विकलनाचं प्रकरण शेवटचं होतं. मी शेवटापासूनच सुरुवात केली.

ती सकाळ मला लख्ख आठवते. उदाहरण होतं: ‘एक भागिले क्ष’ या फलाचं मूळ व्याख्येवरून विकलन करा. व्याख्या तशी सरळ आहे. क्ष ला किंचित वाढवायचं, समजा ह एवढं. त्यामुळे फल किती बदललं ते काढायचं. त्या बदलाला ह ने भागायचं. मग ह ला शून्याकडे सरकू द्यायचं आणि उरतं काय ते बघायचं. सीमा, शून्याकडे जाणं, हे शब्द मला मोठे वाटत होते आणि गाडी तिथेच अडणार असं मी धरून चालले होते. अडली ती त्याच्या कितीतरी आधी. कागदावर हे आलं:

१/(क्ष + ह) − १/क्ष

आणि मला पुढे काय करायचं ते येईना. अर्ध्यातून एक तृतीयांश वजा करायला सांगितलं असतं तर बहुधा जमलं असतं. पण छेदात अक्षरं आल्याबरोबर हात थांबला, आणि मग लक्षात आलं की अर्ध्यातून एक तृतीयांश वजा करतानाही मी छेद सारखे का करते ते मला ठाऊक नाही, नुसती रीत पाठ आहे. तेव्हा मुलीचं जुनं पुस्तक काढलं. जिन्यात बसून दहा-बारा गणितं केली, पट्ट्या काढून, रंगवून. अर्धा म्हणजे सहातले तीन, एक तृतीयांश म्हणजे सहातले दोन; तुकडे एकाच मापाचे झाले की मगच वजाबाकीला अर्थ येतो. संध्याकाळी परत त्याच उदाहरणाकडे आले. छेद सारखे केले. खाली आलं क्ष(क्ष + ह), वर आलं क्ष − (क्ष + ह).

आता दुसरी ठेच. मी कंस सोडवला आणि लिहिलं, क्ष − क्ष + ह, म्हणजे ह. पुढचं सगळं भराभर झालं. ह ने भागलं, ह शून्याकडे गेला, उत्तर आलं १/क्ष². पुस्तकामागचं उत्तर होतं −१/क्ष². कंसाबाहेरची वजाबाकी कंसातल्या दोन्ही पदांना लागते, हे सातवीचं. मागच्या वहीत दुसरी नोंद झाली.

पण त्या दिवशी खरं शिकणं झालं ते नोंदीनंतर. मी स्वयंपाकघरात भाकऱ्या थापत होते आणि डोक्यात तेच चालू होतं. एक भाकरी दोघांत वाटली तर प्रत्येकी अर्धी. तिघांत वाटली तर त्याहून कमी. चौघांत आणखी कमी. माणसं वाढली की वाटा घटतो, म्हणजे बदलाचा दर ऋणच असायला हवा. माझं धन उत्तर चुकलंय हे पुस्तकाचं शेवटचं पान न उलटताही मला कळायला हवं होतं. आणि घट आधी मोठी, मग लहान लहान होत जाते. दोनाचे तीन झाले तर वाटा चांगलाच खाली येतो, वीसाचे एकवीस झाले तर कोणाच्या लक्षातही येत नाही. छेदात क्ष चा वर्ग का आहे, ते असं दिसलं. ज्या खुणेला मी महिनाभर घाबरत होते तिचा अर्थ परातीशेजारी लागला.

‘पाया कच्चा आहे’ हे वाक्य आपल्याकडे गणितात मागे पडलेल्या प्रत्येक मुलाने ऐकलेलं असतं. माझ्या शाळेत एका शिक्षकांनी ते माझ्या आईला सांगितलं, आईने मान डोलावली, आणि मग घरात ते माझ्याबद्दलचं कायमचं वर्णन झालं. वाक्य खोटं नव्हतं, पण त्यातला दृष्टांत फसवा आहे. इमारत उभी राहिल्यावर तिचा पाया खणता येत नाही, तेव्हा पाया कच्चा म्हणजे सगळं पाडून पहिल्यापासून बांधायचं, असा त्याचा अर्थ निघतो. म्हणून मोठेपणी गणिताकडे वळणारा माणूस पाचवीचं पुस्तक घेऊन पहिल्या पानापासून बसतो. मसावि-लसावि, दशांश अपूर्णांक, शेकडेवारी असं करत सातवीपर्यंत येतो, आणि तिथे कधीतरी वही बंद होते. मी असे पाच-सहा जण जवळून पाहिलेत. त्यांना कंटाळा आला असं लोक म्हणतात. मला वाटतं त्यांना दिशा दिसत नव्हती. ज्या गोष्टीची आपल्याला पुढे कुठे गरज लागणार ते माहीत नाही, ती गोष्ट तीस-पस्तिसाव्या वर्षी नुसत्या शिस्तीवर किती दिवस करणार?

गणिताचा स्वतःचा इतिहासही पाया आधी आणि मजला नंतर असा नाही. न्यूटनला कलनाची, म्हणजे कॅल्क्युलसची, कल्पना सुचली ती १६६५-६६ च्या सुमारास, लाइबनिट्सने आपली पद्धत छापली १६८४ मध्ये. ग्रहांच्या कक्षा, लंबकाचे हेलकावे, वक्रांची क्षेत्रफळं असं सगळं त्या जोरावर निघू लागलं. पण ‘ह’ म्हणजे नेमकं काय, हे कोणालाच धड सांगता येत नव्हतं. १७३४ मध्ये बिशप बर्कली यांनी नेमकं तिथेच बोट ठेवलं. आधी तुम्ही ह ने भागता, म्हणजे तो शून्य नाही. मग शेवटी त्याला शून्य म्हणून टाकून देता, हे कसं? हीच शंका मला पहिल्या आठवड्यात आली होती आणि ती विचारायची मला लाज वाटली होती. बर्कलींचा आक्षेप रास्त होता. त्याला पक्कं उत्तर देणारी सीमेची मांडणी कोशीने १८२१ च्या पुस्तकात सुरू केली आणि वायरश्ट्रास यांनी पुढे ती घट्ट केली. म्हणजे जवळजवळ दीडशे वर्षं युरोपातले मोठमोठे गणिती पाया खणला नसताना वरच्या मजल्यावर राहिले, काम करत राहिले, आणि त्या कामामुळेच पाया कुठे आणि किती खोल खणायचा ते त्यांना समजलं.

सिल्व्हेनस थॉम्पसन हे लंडनच्या एका तांत्रिक कॉलेजात विजेचं शास्त्र शिकवायचे. त्यांनी १९१० मध्ये ‘कॅल्क्युलस मेड ईझी’ हे छोटं पुस्तक स्वतःचं नाव न घालता छापलं. त्यात सीमेची व्याख्या वगैरे काही नाही. क्ष चा एक बारीकसा तुकडा, एवढ्यावर ते सगळं उभं करतात. मला हे पुस्तक दुसऱ्या वर्षी भेटलं. आधी भेटतं तर बरं झालं असतं. त्याचे हक्क केव्हाच संपलेत, ते फुकट वाचायला मिळतं, आणि ज्याला इंग्रजी जरा वाचता येतं त्याने माझं पुस्तक बाजूला ठेवून ते वाचलं तरी मला आनंद होईल.

तेव्हा माझी पद्धत अशी ठरत गेली. जे शिकायचंय तिथेच जाऊन बसायचं, म्हणजे अकरावी-बारावीच्या पानावर. पाय जिथे अडेल तिथे थांबायचं आणि कशाला अडला ते एका ओळीत मागच्या वहीत लिहायचं. ‘बीजगणित येत नाही’ अशी नोंद चालत नाही. ‘ऋण घातांक म्हणजे काय’ अशी नोंद चालते. मग तेवढ्यासाठी खालच्या इयत्तेचं पुस्तक उघडायचं, तेवढंच करायचं आणि त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, अडलेल्या गणिताकडे परत यायचं. परत येण्याला मी फार महत्त्व देते. खाली गेलेला माणूस खालीच रमतो, कारण सातवीची गणितं भराभर सुटतात आणि बरं वाटतं.

दोन वर्षांनी मागच्या वहीत ६१ नोंदी झाल्या होत्या. पानं भरली होती ७० च्या आसपास. ज्या गोष्टीला मी आणि माझ्या घरच्यांनी आयुष्यभर ‘पाया’ म्हटलं, जी माझ्याकडे नाही म्हणून मी अर्ध्या दुनियेकडे पाठ फिरवली, ती सगळी मिळून एका शंभर पानी वहीतही काही पानं कोरी ठेवून मावली. वही हातात धरून मी बराच वेळ बसले होते.

त्या ६१ नोंदींतल्या निम्म्याहून अधिक चारच जागांभोवती घोटाळतात. अपूर्णांक, आणि त्यातही अक्षरांचे अपूर्णांक. चिन्हं आणि कंस. घातांक. आणि समीकरण व आलेख यांचं नातं, म्हणजे कागदावरची रेषा आणि ‘य = २क्ष + ३’ ही ओळ एकच गोष्ट सांगतात हे डोळ्यांनी दिसणं. या चार गोष्टींत मी कसलीही सवलत देणार नाही. त्या नुसत्या कळून भागत नाही, हातात बसाव्या लागतात, स्वयंपाकात मिठाचा अंदाज बसतो तशा. विकलन करताना अर्धं लक्ष कंस सोडवण्यात गेलं तर विकलनाला लक्ष उरत नाही. पहिल्या सहा महिन्यांत तुम्हाला गणित अवघड वाटेल ते बहुतेक वेळा यामुळे.

उलट दहावीचं बरंच काही मागे राहिलं तरी चालतं, असं माझं मत आहे. भौमितिक रचना, वर्तुळाची एकेक प्रमेयं, महत्त्वमापनातली शंकू आणि शंकूछेदाची सूत्रं नसली तरी तुम्ही कलनापर्यंत पोचता. शिक्षक मंडळी यावर नाराज होतील. त्यांच्या नाराजीत तथ्य आहे हे मलाही उशिरा कळलं, कारण भूमितीत सिद्धतेची सवय लागते आणि ती सवय मला अजून पुरती नाही. बारावीचे सदिश करताना मला समरूप त्रिकोणांकडे परत जावंच लागलं. तरीही जो माणूस सकाळचा दीड तास काढून बसतोय त्याला मी आधी समरूपता कर असं सांगणार नाही. गरज लागेल त्या दिवशी तो ती एका बैठकीत करेल, आणि मन लावून करेल.

हे पुस्तक कोणासाठी, असं प्रकाशकांनी विचारलं तेव्हा माझ्यासमोर काही चेहरे होते. एसपी घेतलेल्या माझ्यासारख्या बायका. मधली काही वर्षं आपल्या बोर्डात नववी-दहावीला ‘सामान्य गणित’ घेता यायचं. ते घेऊन पास झालेली आणि मग विज्ञानाच्या दारातून परतलेली मुलं आता तिशीकडे आलीत. दहावीनंतर डिप्लोमा करून थेट इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला बसणारी मुलं, ज्यांना बारावीचं संकलन पक्कं व्हायच्या आतच लाप्लास रूपांतरं गाठतात. आणि आमच्या शेजारचा एक मुलगा. तो बारावी आर्ट्सला होता आणि त्याला एनडीएत जायचं होतं. भूदलासाठी कुठल्याही शाखेची बारावी चालते, हे त्याला बरोबर ठाऊक होतं. पण गणिताचा पेपर सगळ्यांना एकच. १२० प्रश्न, ३०० गुण, अडीच तास, चुकीच्या उत्तराला गुण कापणार, आणि अभ्यासक्रम अकरावी-बारावीचा. त्याच्या क्लासमध्ये विज्ञानाच्या मुलांबरोबर त्याला बसवलं होतं आणि तिथे त्याला एक अक्षर कळत नव्हतं. तो माझ्याकडे आला तेव्हा मी त्याला काही शिकवलं नाही. एक शंभर पानी वही दिली. त्याच्या नोंदी माझ्यापेक्षा वेगळ्या निघाल्या. अपूर्णांक त्याला छान येत होते, लघुगणक त्याने कधी पाहिलेच नव्हते. आम्ही दोघांच्या वह्या शेजारी ठेवल्या, आणि या पुस्तकाची अनुक्रमणिका तिथे तयार झाली.

प्रत्येकाच्या वहीत अशा वेगळ्या नोंदी निघतात, तसंच प्रत्येकाकडे काहीतरी आधीच असतं, हेही मला सांगायचंय. शाळेच्या हिशेबात ते धरलं जात नाही. माझ्याकडे चक्रवाढ व्याज होतं. बारावीच्या पुस्तकात ‘ई’ नावाची संख्या येते, २.७१८ आणि पुढे न संपणारी, आणि मुलं तिच्याकडे आकाशातून पडल्यासारखं बघतात. मी तिला कामावर ओळखत होते, फक्त नाव माहीत नव्हतं. एक रुपया, वर्षाला १०० टक्के व्याज. वर्षअखेरीला एकदाच व्याज धरलं तर दोन रुपये होतात. सहामाही धरलं तर सव्वादोन. तिमाही धरलं तर २.४४, दरमहा धरलं तर २.६१, रोजच्या रोज धरलं तर २.७१ आणि थोडं वर. ठेवीदार नेहमी विचारतात की व्याज आणखी लवकर लवकर धरलं तर रक्कम वाढतच जाईल ना? वाढते, पण एका ठिकाणी येऊन थबकते. त्या ठिकाणाचं नाव ई. याकोब बर्नुलीला ही संख्या १६८३ मध्ये याच प्रश्नातून दिसली होती, व्याजाच्या. तुमच्याकडे कदाचित शिवणकामातलं माप असेल, सुतारकामातला कोन असेल, शेतातल्या पाइपातून येणारं पाणी असेल. पुस्तकात जिथे जमलं तिथे मी अशा वाटा ठेवल्यात. जिथे नाही जमलं तिथे ओढूनताणून आणल्या नाहीत. काल्पनिक संख्यांना बाजारातलं उदाहरण शोधत बसू नये. त्या समीकरणाच्या गरजेतून आल्या, तशाच घ्याव्यात.

आता एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. एकट्याने शिकण्याची किंमत असते. रामानुजन यांचं नाव या संदर्भात सगळे घेतात, आणि घेताना फक्त अर्धी गोष्ट सांगतात. सोळाव्या वर्षी, १९०३ च्या सुमारास, कुंभकोणमला त्यांच्या हाती कार नावाच्या एका शिकवणी घेणाऱ्या गृहस्थांचं पुस्तक लागलं. पाचएक हजार सूत्रं आणि प्रमेयं, सिद्धता जवळजवळ नाहीच. त्यातली गाळलेली प्रत्येक पायरी त्यांना स्वतः शोधावी लागली, आणि त्यातून ते घडले. ही एक अर्धी. दुसरी अर्धी ही की १९१३ च्या जानेवारीत हार्डींना पत्र लिहिलं तोवर त्यांनी कितीतरी वर्षं आधीच शोधलेल्या गोष्टी पुन्हा शोधण्यात घालवली होती, आणि मूळ संख्यांबद्दलचे त्यांचे काही दावे साफ चुकीचे होते, कारण संमिश्र चलांच्या फलांचा सिद्धांत त्यांनी पाहिलाच नव्हता. एवढ्या प्रतिभेच्या माणसालाही ‘इथे चुकतंय’ असं सांगणारं कोणीतरी लागलं.

आपल्याला तर लागतंच. शेजारी कोणी नसेल तर ते काम आकड्यांकडून करून घ्यायचं, ही माझी या पुस्तकातली सगळ्यात जुनी युक्ती. परत तेच उदाहरण घ्या. एक भागिले क्ष याचा दर −१/क्ष², म्हणजे क्ष = २ असताना −०.२५ यायला हवा. मोबाइलवरचं साधं गणकयंत्र काढा. ह = ०.०१ घ्या. १ भागिले २.०१ म्हणजे ०.४९७५१२. त्यातून ०.५ वजा केले, ०.०१ ने भागलं, आले −०.२४८८. आता ह = ०.००१ घेऊन बघा, येतील −०.२४९९. आकडा −०.२५ कडे सरकताना डोळ्यांना दिसतो. मी माझं पहिलं, धन चिन्हाचं उत्तर असं तपासलं असतं तर दोन मिनिटांत चूक कळली असती. म्हणून प्रत्येक प्रकरणात ‘आकडे घालून बघा’ असा एक भाग आहे. तो टाळू नका. उत्तरसूची बघून चूक कळणं आणि स्वतःच्या हाताने चूक पकडणं यात फार फरक आहे, दुसऱ्यात माणूस हळूहळू स्वतःवर विसंबू लागतो.

भाषेबद्दल थोडं. मराठी माध्यमातून दहावी झालेल्याला अकरावीत वर्गसमीकरण अचानक ‘क्वाड्रॅटिक इक्वेशन’ म्हणून भेटतं, ओळखीचं माणूस परक्या वेशात यावं तसं, आणि पहिले तीन महिने नुसते वेश ओळखण्यात जातात. या पुस्तकात मी मराठी शब्द वापरलेत आणि प्रत्येकाचा इंग्रजी प्रतिशब्द पहिल्यांदा येईल तिथे देवनागरीत दिलाय: विकलन म्हणजे डेरिव्हेटिव्ह काढणं, संकलन म्हणजे इंटिग्रेशन, फल म्हणजे फंक्शन. पुढचं शिक्षण इंग्रजीतच होणार हे धरून ती सोय केली आहे. पण कल्पना मराठीत पोचवता येत नाहीत असं मला कोणी सांगू नये. सोळाव्या शतकात, १५३० च्या सुमारास, केरळात ज्येष्ठदेव यांनी ‘युक्तिभाषा’ हा ग्रंथ लिहिला. अनंत श्रेढी, वर्तुळाच्या परिघाची सूत्रं, ज्यांना आज आपण कलनाच्या उंबरठ्यावरचं गणित म्हणू ते सगळं त्यात युक्तीसह, म्हणजे सिद्धतेसह आहे. तो संस्कृतात नाही, मल्याळममध्ये आहे.

आणि ‘साइन’ हा शब्द घ्या. दहावीपर्यंत आपण शिकतो, समोरची बाजू भागिले कर्ण. अकरावीत १२० अंशांचा साइन विचारतात आणि मूल गोंधळतं, कारण काटकोन त्रिकोणात १२० अंशांचा कोन मावतच नाही. मागच्या वहीत माझी १९वी नोंद ही होती. उत्तर शब्दातच होतं. आर्यभटांनी इसवी सन ४९९ मध्ये अर्धज्यांची कोष्टकं दिली. ज्या म्हणजे धनुष्याची दोरी, वर्तुळाच्या कंसाला टोकापासून टोकापर्यंत जोडणारी. ज्या किंवा जीवा हा शब्द अरबीत ‘जीब’ असा गेला, नुसत्या व्यंजनांत लिहिला गेल्यामुळे पुढे ‘जैब’ असा वाचला गेला, म्हणजे कपड्याची घडी, आणि लॅटिनमध्ये त्याचं भाषांतर ‘सायनस’ झालं. धनुष्य डोळ्यांपुढे ठेवा. कंस मोठा होत जाईल तशी दोरी आधी वाढते, अर्ध्या वर्तुळाला सगळ्यात लांब होते आणि मग पुन्हा कमी होते. साइन म्हणजे दुप्पट कंसाच्या दोरीचा अर्धा भाग, तेव्हा आता १२० अंशांना अडचण राहत नाही. त्रिकोणाच्या आधी तिथे वर्तुळ होतं. मराठी माणसाला हे सांगायला परक्या भाषेतून फिरून यावं लागतं याचं मला वाईट वाटतं.

हे पुस्तक सलग वाचू नका. प्रकरणांचा क्रम अकरावीच्या पुस्तकासारखाच ठेवलाय, पण तुम्हाला हवं तिथून शिरा. प्रत्येक प्रकरणाच्या उजव्या समासात बारीक अक्षरात ‘मागे बघा’ असं लिहून पान क्रमांक दिलाय. तो पुस्तकाच्या दुसऱ्या भागातला, म्हणजे माझी आणि त्या मुलाची मागची वही, नीट करून लिहिलेली. तिथे तुमची अडचण सापडली नाही तर शेवटी २० पानं कोरी सोडलीत. प्रकाशकांना ती पानं खर्चाची वाटली. तरीही त्यांनी ती ठेवली, त्याबद्दल मी त्यांची मनापासून आभारी आहे. सकाळी साडेपाचला माझ्या आधी उठून चहा ठेवणाऱ्या सासूबाईंचीही. ‘परीक्षा कधी आहे?’ असं त्यांनी पहिल्या वर्षी विचारलं होतं. एम. ए. कधीच झालं, परीक्षा कसलीच राहिली नाही, तरी चहा तसाच होतो.

पहिलं प्रकरण कोनाचं आहे. अंश सोडून रेडियन का, हा त्यातला प्रश्न. नुसतं वाचून तो सुटणार नाही. त्यासाठी घरातलं एक गोल ताट घ्या, काठ सरळ असलेलं. जाड दोरा घ्या, पांढरा चालेल, आणि कात्री. ताटाच्या मध्यापासून काठापर्यंत दोरा ताणून बरोबर तेवढा तुकडा कापा. असे सहा तुकडे लागतील. आता ते ताटाच्या काठावर एकापुढे एक लावत चला. सहा लावून झाल्यावर थोडी जागा उरेल, पाव तुकड्याहून जराशी अधिक. ताट लहान असो की मोठं, तुकडे सहाच लागतात आणि उरलेली जागाही त्याच प्रमाणात उरते. वाटी घेऊन पुन्हा करून बघा. दोरा, ताट आणि वाटी जमली की पान उलटा.